शाळेची वेळ आणि भूकंपाची वेळ

भूकंपाची नोंद वाचताना आपण तारीख, तीव्रता आणि मृतांचा आकडा पाहतो. शाळांच्या इमारतींचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर तुम्हाला आणखी एक गोष्ट पाहावी लागेल : घड्याळातली वेळ.

१० मार्च १९३३ रोजी कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे भूकंप झाला, तेव्हा संध्याकाळचे सहा वाजायला आले होते. सुमारे ७० शाळा जमीनदोस्त झाल्या, पण मुले घरी गेलेली होती. हाच धक्का काही तास आधी बसला असता तर काय झाले असते, हा प्रश्न तिथल्या पालकांना गप्प बसू देईना. महिनाभरातच ‘फील्ड कायदा’ संमत झाला. शाळेचा आराखडा राज्याच्या यंत्रणेने तपासायचा आणि बांधकाम चालू असताना जागेवर निरीक्षक हजर असायचा, अशी त्यातली व्यवस्था होती. या दोहोंपैकी दुसरी अट मला अधिक मोलाची वाटते. कागदावरची सळई भिंतीत उतरली की नाही, हे काँक्रीट ओतण्यापूर्वीच कळू शकते.

आता भारतीय उपखंडाकडे वळू. १८९७ च्या आसाम भूकंपात शिलाँगमधील दगडी इमारती कोसळल्या. त्यानंतर लाकडी सांगाडा, बोरूच्या कुडाच्या लिंपलेल्या भिंती आणि वर पन्हाळी पत्रा अशी ‘आसाम पद्धतीची’ घरे रूढ झाली. ईशान्येतील कितीतरी शाळा याच पद्धतीने बांधल्या गेल्या. अशा बांधकामाचे वजन कमी असते, आणि भूकंपात इमारतीवर येणारे बल तिच्या वजनाच्या प्रमाणात असते, एवढे सूत्र येथे लक्षात ठेवा.

या इतिहासातला सर्वांत बोलका टप्पा मात्र बलुचिस्तानातला आहे. १९३१ मध्ये माच येथे मोठा भूकंप झाला. त्यानंतर एस. एल. कुमार या रेल्वे अभियंत्याने क्वेट्टा येथे रेल्वेची काही निवासस्थाने आडवे बल गृहीत धरून बांधली आणि १९३३ मध्ये त्यामागचे गणित प्रसिद्ध केले. ३१ मे १९३५ च्या पहाटे क्वेट्टा शहर उद्ध्वस्त झाले, हजारो माणसे झोपेत गाडली गेली. कुमार यांची घरे उभी राहिली. उपखंडात इतकी कठोर आणि इतकी स्पष्ट परीक्षा क्वचितच झाली असेल. पुढे क्वेट्ट्याची पुनर्बांधणी नियमावली लावून झाली. जोते, खिडक्या-दारांच्या वरची पातळी आणि छप्पर येथे इमारतीला सलग वेढणारे पट्टे, शिवाय कोपऱ्यांत उभ्या सळया, ही तिची मुख्य कल्पना होती. पिंपाला लोखंडी पट्टी आवळतात तसेच हे काम. चारही भिंती एकत्र हलतात, एकमेकींपासून सुटत नाहीत.

वर्गखोलीला या पट्ट्याची गरज घरापेक्षा जास्त का असते? तुमच्या जवळची एखादी शाळा डोळ्यांसमोर आणा. खोली लांब असते, मध्ये आडवी भिंत नसते, उजेडासाठी ओळीने खिडक्या असतात आणि एका बाजूने व्हरांडा असतो. अध्यापनाला हे सगळे सोयीचे, भिंतीला मात्र घातक. काँक्रीटच्या सांगाड्यात आणखी एक खोट शिरते. खिडकीखालची अर्धी भिंत कॉलमला चिकटून बांधली की कॉलमचा वरचा उघडा तुकडाच वाकायला मोकळा राहतो, आणि तो आखूड तुकडा तिरक्या भेगेने तुटतो.

स्वातंत्र्यानंतर रुरकी येथे जय कृष्ण यांच्या पुढाकाराने १९६० मध्ये भूकंप अभियांत्रिकीचे अध्यापन सुरू झाले. १९६२ मध्ये आय. एस. १८९३ ही संहिता आली, १९६७ मध्ये साध्या इमारतींसाठी आय. एस. ४३२६. क्वेट्ट्याचे पट्टे यात आहेत. आजच्या संहितेत शाळेसाठी महत्त्व गुणांक १.५ आहे, म्हणजे नेहमीच्या इमारतीच्या दीडपट बल धरून आराखडा करायचा.

पण संहिता नकाशाच्या आधारे लागू होते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली, तेव्हा तो भाग नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. जाड दगडी भिंतींच्या दोन पदरांना जोडणारे आरपार दगड नव्हते आणि वर माळवदाचा मातीचा भार होता. शाळा रिकाम्या होत्या. घरे भरलेली होती. २००२ मध्ये पहिले क्षेत्रच नकाशातून वगळले गेले.

२६ जानेवारी २००१ चा कच्छचा भूकंप सकाळी पावणेनऊला झाला. कच्छमध्ये त्याआधी काही वर्षांतच तयार सिमेंटच्या फलकांच्या अनेक शाळा उभारल्या होत्या. छताची फलके भिंतींना आणि एकमेकांना नीट बांधलेली नव्हती, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी छप्परच खाली आले. ठरावीक नमुन्याच्या बांधकामाचा हा धोका ध्यानात घ्या : नमुना चुकला तर चूकही ठरावीक होते. अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या मिरवणुकीतली दीडशेहून अधिक मुले अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंची घरे कोसळून दगावली. तेव्हा शाळेच्या सुरक्षिततेत बाहेर पडण्याची वाटही मोजावी लागते.

८ ऑक्टोबर २००५ रोजी काश्मीरमध्ये वेळेने मुळीच साथ दिली नाही. शनिवारची सकाळ होती, वर्ग भरले होते. एकट्या पाकिस्तानच्या बाजूला सुमारे १७ हजार मुले शाळांत मरण पावली, असा अंदाज सांगितला जातो. त्याच प्रदेशात लाकडी चौकटींत दगड-विटा भरून केलेली जुनी ‘धज्जी देवारी’ घरे तुलनेने टिकली.

नेपाळमध्ये मात्र आधीच काही घडत होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून काठमांडूच्या खोऱ्यातील जुन्या शाळा न पाडता बळकट करण्याचे काम तिथे सुरू झाले. विटांच्या भिंतींवर आडव्या आणि उभ्या पट्ट्यांत जाळी ठोकायची, तिच्यावर सिमेंटचा थर द्यायचा. म्हणजे क्वेट्ट्याचा पट्टा, पण नंतर, बाहेरून घातलेला. २५ एप्रिल २०१५ रोजी शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास भूकंप आला. नेपाळमध्ये शनिवारी शाळेला सुट्टी असते. देशभर हजारो वर्गखोल्या कोसळल्या, पण खोऱ्यातल्या बळकट केलेल्या शाळा जवळजवळ सर्व टिकल्या आणि काही ठिकाणी लोकांनी त्यांतच आसरा घेतला. हे काम करणारे गवंडी बहुतांशी त्याच परिसरातले होते. शाळेवर शिकलेली पट्ट्याची रीत ते नंतर गावातल्या घरांवरही वापरू लागले.