हाय-हॅट वादनतंत्र आणि मुंबईतील जाझ : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मराठी संगीतविषयक लेखनात जाझचा उल्लेख आला, तरी तो बहुधा ट्रम्पेट व सॅक्सोफोन यांच्यापाशी थांबतो. लय धरणाऱ्या ड्रमवादकाची, त्यातही त्याच्या डाव्या पायाची, दखल क्वचितच घेतली जाते. प्रस्तुत लेखात त्या पायाने वाजणाऱ्या वाद्याचा, म्हणजे हाय-हॅटचा, विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

हाय-हॅट म्हणजे एकाच दांडीवर समोरासमोर बसविलेल्या दोन झांजा. पेडल दाबले की वरची झांज खालचीवर मिटते. १९२० च्या दशकात ही जोडी प्रारंभी जमिनीलगत असे व केवळ पायाने वाजे. त्याच दशकाच्या उत्तरार्धात दांडी कमरेपर्यंत वाढविण्यात आली आणि झांजा काठीच्या टप्प्यात आल्या. हा बदल वरकरणी किरकोळ वाटतो. परंतु तत्पूर्वी लयीचा भार मुख्यतः बास ड्रमवर होता. काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदातील जो जोन्स यांनी १९३० च्या दशकात तो हाय-हॅटवर आणला. झांजा किंचित उघड्या ठेवून काठी मारली की नाद लांबतो, मिटल्या की तुटतो. या उघडझापीतून स्विंगची झुलती चाल साकार झाली. १९४० च्या सुमारास केनी क्लार्क यांनी लय राइड झांजेवर नेली. तेव्हा चार मात्रांपैकी दुसरी व चौथी मात्रा पायाने दाखविणे एवढेच काम हाय-हॅटकडे उरले. अर्थात 'उरले' हा शब्द तितकासा न्याय्य नाही. मॅक्स रोच यांनी पुढे केवळ हाय-हॅटवर एकल वादन करून जोन्स यांना मानवंदना दिली.

येथे आपल्याकडील श्रोत्याची अडचण ध्यानात घ्यावी लागते. आपला कान समेची वाट पाहतो; जाझमध्ये पहिली मात्रा हलकी सोडून दुसरीवर ठसा उमटतो. नाद मात्र अनोळखी नाही. पैठणहून निघणारी नाथांची पालखी शेवगाव तालुक्यातून जाते, तेव्हा टाळकरी टाळ मिटवून नाद तोडतात तो याच जातीचा. साम्य नादाचे आहे, उगमाचे नव्हे.

१९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. नंतर टेडी वेदरफर्ड तेथे वाजवू लागले. गोमंतकीय वादकांनी ही शैली आत्मसात केली. त्यांपैकी चिक चोकोलेट हे अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील पुणतांबे येथे १९१८ मध्ये जन्मलेल्या सी. रामचंद्र यांचे साहाय्यक झाले. 'अलबेला' (१९५१) हे त्या सहकार्याचे ठळक उदाहरण होय.

या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव ठळक येई, वादकांची सहसा येत नसत. कावस लॉर्ड व त्यांचे पुत्र केर्सी आणि बुजी यांसारखी मोजकी नावे पुढे परिचित झाली, तीही बव्हंशी वादकांच्या मुलाखतींमुळे. ग्रेगरी बूथ यांनी २००८ मध्ये आणि नरेश फर्नांडिस यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत अशा आठवणी संकलित आहेत. दोन्ही ग्रंथ इंग्रजीत आहेत.