चंपेच्या एका खंडित शिलालेखांतील हरवलेलें वर्ष

प्राचीन चंपा राज्य हल्लींच्या व्हिएतनामच्या मध्य व दक्षिण किनाऱ्यावर होतें. तेथील शिलालेख कांहीं संस्कृतांत व कांहीं जुन्या चाम भाषेंत असून त्यांपैकीं पुष्कळ खंडित आहेत. बेर्गेन्य यांनीं संपादिलेले संस्कृत लेख इ. स. १८९३ त प्रसिद्ध झाले; फिनो व सेदेस यांनीं तें काम पुढें नेलें; आणि इ. स. १९२७ त रमेशचंद्र मजुमदार यांच्या ग्रंथामुळें ते भारतीय अभ्यासकांना सुलभ झाले. यांतील कालनिर्देश आपल्या नित्य परिचयाच्या शकांत असल्यामुळें ते आम्हांस परके वाटत नाहींत. खंडित लेखापासून काय घ्यावें आणि काय घेऊं नये, याचा विचार त्यांतील एका लेखाच्या आधारें येथें करावयाचा आहे.

मी-सोन येथें भद्रवर्मा राजानें भद्रेश्वर शिवाची स्थापना करून त्यास भूमि दान दिली. त्याच्या दानलेखांत पर्वत व महानदी यांच्या खुणांनीं चतुःसीमा सांगितली आहे, परंतु वर्ष नाहीं. अक्षरवटिकेवरून तो चौथ्या-पांचव्या शतकांतील मानतात. पुढें त्याच ठिकाणीं शंभुवर्मा राजाचा एक लेख सांपडला व तो फिनो यांनीं इ. स. १९०३ त प्रसिद्ध केला. देवालय अग्नीनें दग्ध झालें, नंतर शंभुवर्म्यानें देवाची पुनःस्थापना करून त्यास शंभुभद्रेश्वर हें नांव दिलें, असें त्यावरून कळतें. आग लागली तें वर्षही लेखांत होतें; परंतु शिला भंगल्यामुळें शकांच्या चारशें वर्षांचा उल्लेख तेवढा राहिला आणि दशक व एकक यांचीं अक्षरें नाहींशीं झालीं.

आतां उरलेला भाग काय सिद्ध करतो तें पाहूं. आग शक ४०१ ते ४९९ यांच्या दरम्यान, म्हणजे सुमारें इ. स. ४७९ ते ५७७ या काळांत लागली. एवढें शिलेवरचें प्रमाण. याहून जवळ जावयाचें तर बाहेरचा पुरावा आणावा लागतो. प्रकाशधर्म्याचा इ. स. ६५८ चा मी-सोन येथील लेख वंशावळीसह बराच शाबूत आहे. त्यावरून शंभुवर्मा हा रुद्रवर्म्याचा पुत्र ठरतो. चिनी इतिहासग्रंथांप्रमाणें रुद्रवर्मा इ. स. ५३० च्या सुमारास गादीवर होता व शंभुवर्मा इ. स. ६२९ त वारला. आग रुद्रवर्म्याच्या कारकीर्दींत लागली असें धरल्यास शक ४५२ च्या पूर्वींचीं वर्षें बहुधा गळतात, आणि दशकाच्या जागीं पांच ते नऊ यांपैकींच एक अंक संभवतो.

हें अनुमान आम्हांस सयुक्तिक वाटतें. परंतु त्यांत दोन गृहीतकें आहेत: चिनी ग्रंथांतील राजा व शिलेवरील राजा एकच, आणि आग त्याच्याच काळांतील. अनुमान व वाचन यांचा दर्जा एक नव्हे. एखाद्या संपादकानें रिकाम्या जागीं संभाव्य अंक घातला, दुसऱ्यानें त्याचा कंस गाळला, कीं तिसऱ्याच्या हातीं तो शिलेवरचा अंक म्हणून येतो. आणि मग देवालयांचा व राजांचा सगळा क्रम त्यावर रचला जातो. लेख पद्यांत असेल तर वृत्तावरून गळलेल्या अक्षरांची संख्या व त्यांचे लघुगुरु तरी ठरवितां येतात. गद्यांत तोही आधार नसतो. तेथें संख्येऐवजीं मर्यादा सांगणें हेंच प्रामाणिकपणाचें होय.

मूळ शिलांची स्थिति कायम राहत नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें. इ. स. १९६९ त अमेरिकी विमानांच्या बाँबहल्ल्यांत मी-सोन येथील सर्वांत भव्य देवालय जमीनदोस्त झालें. विसाव्या शतकाच्या आरंभीं फ्रेंच संशोधकांनीं घेतलेले कागदी ठसे पॅरिस येथें आहेत. शिलेची झीज झाल्यावर पूर्वींचें अक्षर कसें होतें याची साक्ष तेच देतात. अलीकडे या लेखांचें नव्यानें संपादन चालू झालें असून, दानांग येथील चाम शिल्पसंग्रहालयांतील लेखांचें पुस्तक इ. स. २०१२ त निघालें. त्यांतही शिला व जुने ठसे ताडून पाहण्यावरच भर आहे.

आमच्या संग्राहकांच्या दप्तरांतही कसर लागलेलीं, सन-तारीख उडालेलीं पत्रें पुष्कळ असतात. तीं निरुपयोगी म्हणून बाजूस टाकूं नयेत. छापतांना गळलेली जागा किती अक्षरांची आहे तें नोंदवावें, पुरविलेलीं अक्षरें कंसांत ठेवावींत, आणि पुरविण्याचें कारण खालीं द्यावें. शंभुवर्म्याच्या लेखांत शकांचा शतकमात्र उरला, तरी तेवढ्यानें चंपेच्या इतिहासास शंभर वर्षांची पक्की मर्यादा मिळाली. ती मर्यादा आहे तशी राखली, तरच उद्यां दुसरा तुकडा सांपडल्यावर तो जोडण्यास जागा राहील.