सामाईक महासंगणकावर रसायनशास्त्राचे सॉफ्टवेअर बसवताना

सुरतच्या कापड उद्योगाचे रंगरसायनांशी घट्ट नाते आहे. रंगद्रव्याचा रेणू कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेईल, सांडपाण्यातील रंग कोणत्या पदार्थाला चिकटेल, याचा अंदाज आता प्रयोगाआधी गणनेने बांधता येतो. मात्र ही गणना टेबलावरील संगणकाला पेलत नाही. त्यासाठी सुरतच्या सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेसारख्या संस्थांतील संशोधकांना सामाईक महासंगणकाचा आधार घ्यावा लागतो. राष्ट्रीय महासंगणन मोहिमेअंतर्गत २०२२ मध्ये गांधीनगरच्या आयआयटीत ८३८ टेराफ्लॉप क्षमतेचा ‘परम अनंत’ कार्यान्वित झाला. आयआयटी गोवा हेही याच मोहिमेचे एक प्रशिक्षण केंद्र आहे. त्यामुळे पुढील माहिती गोव्यातील विद्यार्थ्यांनाही उपयोगी ठरेल.

परवाना
‘क्वांटम एस्प्रेसो’, ‘सीपीटूके’ आणि ‘एनडब्ल्यूकेम’ ही मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहेत. ‘ऑर्का’ शैक्षणिक कामासाठी विनामूल्य मिळते. मात्र नोंदणी आवश्यक असते. ‘गाउसियन’ आणि ‘व्हास्प’ यांना सशुल्क परवाना लागतो. एका गटाचा परवाना दुसऱ्या गटाला आपोआप लागू होत नाही. म्हणून इतरांच्या खात्यातून प्रत उचलणे टाळावे.

जागा आणि जुळणी
सामान्य वापरकर्त्याला प्रशासकाचे अधिकार नसतात. त्यामुळे हवे ते सॉफ्टवेअर आधीपासूनच ‘मॉड्यूल’ स्वरूपात उपलब्ध आहे का, हे प्रथम पाहावे. नसल्यास ते स्वतःच्या फोल्डरमध्ये बसवावे. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर त्याच यंत्रावरील कंपाइलर, गणिती लायब्ररी आणि ‘एमपीआय’ वापरून बांधल्यास वेग चांगला मिळतो. ‘ऑर्का’ मात्र तयार स्वरूपात येते. तिच्या आवृत्तीला नेमून दिलेलीच ‘ओपन एमपीआय’ची आवृत्ती वापरावी आणि समांतर गणनेच्या वेळी सॉफ्टवेअरचा पूर्ण मार्ग लिहावा. या दोन गोष्टी चुकल्या की गणना सुरू होताच बंद पडते.

गणना चालवताना
लॉगिन केलेल्या संगणकावर मोठी गणना चालवू नये. तेथे सर्वांचेच काम अडते. गणना ‘स्लर्म’सारख्या रांग-व्यवस्थेकडे सोपवावी. जितके कोर मागितले, तितक्याच प्रक्रिया सुरू कराव्यात. तात्पुरत्या फायली ‘स्क्रॅच’ साठवणीत ठेवाव्यात आणि निकाल लगेच सुरक्षित जागी हलवावेत, कारण अनेक ठिकाणी ही साठवण ठरावीक काळाने पुसली जाते.

पडताळणी
सॉफ्टवेअर सुरू झाले म्हणजे ते अचूक आहे, असे नव्हे. सोबतच्या चाचण्या चालवाव्यात. पाण्याच्या रेणूची ऊर्जा हार्ट्री-फॉक पद्धतीने सुमारे उणे ७६ हार्ट्री येते. अशा लहान, ज्ञात उदाहरणाचा निकाल एका कोरवर व अनेक कोरवर सारखाच येतो का, हे तपासावे. चुकीच्या जुळणीतून आलेला आकडा दिसायला बिनचूकच असतो आणि तो थेट प्रबंधात शिरतो. म्हणून सॉफ्टवेअर, कंपाइलर आणि लायब्ररी यांच्या आवृत्त्या नोंदवून ठेवाव्यात. दोन वर्षांनी परीक्षकाने तोच आकडा पुन्हा काढून मागितला, तर ही नोंदच विद्यार्थ्याच्या कामी येते.