तळटीप : लांग चिंगशान यांचे डोंगर

* लांग चिंगशान (१८९२–१९९५) : चिनी छायाचित्रकार, १९४९पासून मुक्काम तैवानात. मूळ मजकुरात ‘कॅमेऱ्याने टिपलेला डोंगर’ असे आले आहे, ते अर्धेच खरे. असा डोंगर कुठेच नव्हता. एकीकडचा कडा, दुसरीकडचे झाड, अशा वेगवेगळ्या निगेटिव्ह ते डार्करूममध्ये एकाच कागदावर उतरवत. नको तो भाग प्रकाश देताना झाकून ठेवत. सांधे लपवायला मध्ये धुके, म्हणजे बहुधा प्रकाश न पोहोचलेला कोरा कागदच. चिनी गुंडाळीचित्रांतही धुक्यासाठी रेशीम वा कागद अनेकदा तसाच सोडलेला असतो. लांग यांच्या या पद्धतीला बनवाबनवी म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की ते जुने चित्रकारही सहसा डोंगरासमोर बसून डोंगर काढत नसत. — संपा.