विदर्भाला कोणी विचारलं होतं?

दरवर्षी १ मे उजाडला की माझ्या फोनवर दोन तऱ्हेचे मेसेज येऊन पडतात. पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेले मित्र 'महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा' पाठवतात. वाडीतल्या जुन्या ग्रुपवर मात्र कोणीतरी नुसता काळा चौकोन टाकतं आणि खाली लिहितं, 'काळा दिवस'. मग दिवसभर जुंपते. "एवढे वर्ष मुख्यमंत्री तर आपलेच होते नं बे!" "मंग अनुशेष काहून वाढून राहिला?" दोन्ही बाजूंचे लोक एकाच शाळेत शिकलेले, आणि दोघांचीही आकडेवारी पाठ.

२०१६ साली या भांडणाला एक परदेशी जोड मिळाली. मार्चमध्ये राज्याचे महाधिवक्ता श्रीहरी अणे यांना पद सोडावं लागलं. वेगळ्या विदर्भाची आणि पुढे मराठवाड्याचीही बाजू घेतल्यावरून गदारोळ झाला होता. तीनच महिन्यांनी, २३ जूनला, ब्रिटननं मतदान करून युरोपीय संघातून बाहेर पडायचं ठरवलं. आमच्या ग्रुपवर लगेच नवा शब्द आला, 'विदर्भेक्झिट'. गंमत म्हणून आलेला हा शब्द मला मात्र सोडेना. ब्रिटनचं आणि आपलं प्रकरण खरंच सारखं आहे का? ते शोधत मी जुन्या करारांपर्यंत जाऊन पोहोचलो.

नाक्याबाहेरचं गाव

आधी वाडीबद्दल सांगतो. नागपूरहून अमरावती रोडनं निघालात की शहर संपता संपता लागतं ते वाडी. शेजारी अंबाझरीची आयुध निर्माणी, १९६६ साली सुरू झालेली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामं, ट्रान्सपोर्टवाल्यांची ऑफिसं, टायरची दुकानं, ढाबे. इथे मराठी, हिंदी, पंजाबी, छत्तीसगढी सगळं कानावर पडतं. माझे वडील एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्टी लिहायचे, त्यामुळे कोणत्या राज्यात शिरताना कोणता कागद लागतो हे मला शाळेच्या भूगोलाआधी कळलं.

वाडी नागपूर महापालिकेच्या हद्दीबाहेर. त्यामुळे जकातीच्या काळात माल इथे उतरवायचा, साठवायचा, आणि गरज पडेल तसा नाक्यावर जकात भरून शहरात न्यायचा, हा सरळ हिशेब होता. २०१३ मध्ये नागपुरात जकात जाऊन एलबीटी आली, तीही पुढे बहुतेक व्यापाऱ्यांसाठी उठली, आणि १ जुलै २०१७ पासून देशभर जीएसटी लागू झाला. नाका गेला, पण गोदामं वाढली. कारण आता कंपन्यांना प्रत्येक राज्यात वेगळं गोदाम ठेवायची गरज उरली नाही. देशाच्या मधोमध एक मोठं ठेवलं की भागतं.

म्हणजे सीमा असणं आणि सीमा जाणं, या दोन्ही गोष्टी आमच्या गावानं पोटापाण्याच्या पातळीवर पाहिल्या आहेत. म्हणून 'वेगळं होऊ' किंवा 'एकत्र राहू' असं कोणी म्हटलं की वाडीचा माणूस आधी विचारतो, गाडी कुठे थांबणार?

कापसाची सीमा

विदर्भातल्या शेतकऱ्याची गाडी एकदा खरोखर थांबवली गेली होती. १९७१ साली महाराष्ट्रानं कायदा केला आणि १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्यानं कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा. हेतू चांगला होता. व्यापाऱ्याच्या तावडीतून सुटका आणि हमखास भाव. काही वर्षं फायदाही झाला. पण बाहेर भाव चढला की यवतमाळ-चंद्रपूरच्या शेतकऱ्याला पलीकडच्या आदिलाबादच्या बाजारात उघडपणे जाता येत नसे. कापूस चोरून सीमेपार जाई आणि पकडलाही जाई. २००२ च्या सुमारास खासगी व्यापाऱ्यांना दार उघडलं आणि ही मक्तेदारी संपत गेली.

ब्रिटनमध्ये बाहेर पडणाऱ्यांची तक्रार होती की आमच्या बाजाराचे नियम ब्रुसेल्समध्ये ठरतात. विदर्भातल्या कापूस उत्पादकाची तक्रार याच जातीची होती. पीक आमचं, नियम मुंबईचा.

करार, आयोग आणि सही करणारे

आता मूळ प्रश्न. विदर्भ महाराष्ट्रात आला कसा?

वऱ्हाड १८५३ साली निजामानं इंग्रजांकडे सोपवला, १९०२ मध्ये तो कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतला गेला आणि १९०३ पासून मध्य प्रांताला जोडला गेला. नागपूर १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी. म्हणजे नागपूर आणि वऱ्हाड हीसुद्धा एक जोडणीच होती, आणि तिथेही 'हिंदी भागाकडून मराठी भागावर अन्याय होतो' अशी तक्रार होतीच. १ ऑक्टोबर १९३८ रोजी मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेनं वेगळ्या महाविदर्भाचा ठराव मंजूर केला. तेव्हा आजचा महाराष्ट्र नकाशावर नव्हता. 'वेगळा विदर्भ' ही महाराष्ट्राविरुद्ध काढलेली कुरापत आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

पुढे ८ ऑगस्ट १९४७ ला अकोला करार झाला आणि २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार. दुसऱ्या करारावर यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे यांच्यासोबत रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर, रा. कृ. पाटील, शेषराव वानखेडे अशा विदर्भातल्या नेत्यांच्याही सह्या आहेत. अकरा कलमं. खर्चाची वाटणी लोकसंख्येच्या प्रमाणात. सरकारी नोकऱ्या आणि तंत्रशिक्षणाच्या जागाही त्याच प्रमाणात. उच्च न्यायालयाचं पीठ नागपुरात. सरकारचा मुक्काम दरवर्षी ठरावीक काळ नागपुरात आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन इथे. दर डिसेंबरला नागपुरात जे हिवाळी अधिवेशन भरतं, त्याचं मूळ हे.

पण दुसरी बाजूही तितकीच भक्कम होती. बापूजी अणे, ब्रिजलाल बियाणी यांना वेगळं राज्य हवं होतं. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगानं ३० सप्टेंबर १९५५ च्या अहवालात आठ जिल्ह्यांच्या वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाषिक राज्यांवरच्या पुस्तकात मराठी मुलखाची चार राज्यं सुचवली. मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र. भाषा एक म्हणून राज्यही एकच हवं, असं त्यांना वाटत नव्हतं.

शिफारस झाली, पण घडलं वेगळंच. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी लढा पेटला होता. त्यात शंभराहून जास्त माणसं मेली. त्या लढ्याचं स्वप्न सगळी मराठी माणसं एका राज्यात आणायचं होतं, आणि विदर्भातही त्याला मानणारे होते. त्यांना गद्दार ठरवणं हा इतिहासावर अन्याय आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ आधी विशाल द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. नागपूरची राजधानी गेली, उच्च न्यायालय जबलपूरला गेलं, इथे खंडपीठ उरलं. जुन्या नागपूरकरांच्या बोलण्यात आजही या दोन गोष्टींची खंत ऐकू येते.

या सगळ्यात एक गोष्ट झाली नाही. लोकांना कोणी विचारलं नाही.

मतदान झालं असतं तर?

ब्रिटन १ जानेवारी १९७३ ला युरोपीय आर्थिक समुदायात गेला. १९७५ मध्ये सार्वमत घेतलं, तेव्हा सुमारे ६७ टक्के लोकांनी 'राहू' म्हटलं. २०१६ मध्ये ५१.९ टक्क्यांनी 'निघू' म्हटलं. आपल्याकडे असं होतच नाही, असं म्हणायची सोय नाही. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ आणि बाजूनं १,३८,१७० मतं पडली. ३४,०२१ मतांनी गोवा वेगळा राहिला. ज्या महाराष्ट्रात यायचं की नाही हे गोवेकरांना विचारलं, त्याच महाराष्ट्रात यायचं का हे नागपूर-वऱ्हाडला विचारलं नव्हतं.

निवडणुकांतून मात्र लोक बोलत राहिले. १९६२ मध्ये बापूजी अणे नागपुरातून वेगळ्या विदर्भाच्या मागणीवर लोकसभेत गेले. १९७१ मध्ये जांबुवंतराव धोटे गेले. पण धोटे पुढे काँग्रेसमध्ये गेले, मारोतराव कन्नमवार वेगळ्या विदर्भाचे समर्थक असूनही १९६२ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, आणि भाजपनं १९९७ च्या भुवनेश्वरच्या बैठकीत वेगळ्या विदर्भाचा ठराव केला, तरी सत्तेत आल्यावर तो फळाला आला नाही. विरोधात असताना मागणी, सत्तेत आल्यावर मौन. आणि २०१४ नंतर केवळ वेगळ्या विदर्भाच्या नावावर लढणाऱ्यांना विधानसभेत जागा मिळालेली नाही. संघटनांनी आपापल्या पातळीवर शहरांत जनमत चाचण्या घेतल्या, कौल वेगळ्या राज्याकडे गेला. पण अशा चाचणीला मुद्दाम चालत जातो तो बहुधा आधीच ठरवलेला माणूस.

खरं मतदान झालं तरी सगळ्यांचं मत एक असेल असंही नाही. ब्रेक्झिटच्या मतदानात स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के लोक 'राहू' म्हणत होते, निकाल मात्र त्यांनाही लागू झाला. आपल्याकडे नागपूरकर ज्या उत्साहानं 'विदर्भ' म्हणतो, त्या उत्साहानं बुलडाण्याचा माणूस म्हणेलच असं नाही. त्याला खानदेश, मराठवाडा जवळचा. 'मुंबईच्या जागी नागपूर येईल, आमचं काय?' ही त्याची शंका खोटी नाही. गडचिरोलीच्या आदिवासीला तर नागपूरही मुंबईइतकंच लांब वाटू शकतं.

फरक कुठे आहे?

ब्रिटननं बाजार सोडला. ३१ जानेवारी २०२० ला संघ सोडला आणि त्या वर्षाच्या अखेरीस एकच बाजार आणि सीमाशुल्क व्यवस्थाही सोडली. डोव्हरच्या बंदरात ट्रक कागदांसाठी थांबू लागले. उद्या विदर्भ वेगळा झाला तर वाडीचा ट्रक थांबणार नाही. देशांतर्गत व्यापाराचं स्वातंत्र्य घटनेच्या कलम ३०१ मध्ये आहे, आणि जीएसटीनं उरलेसुरले विक्रीकराचे नाकेही काढले. विदर्भ सोडेल ती तिजोरी. बाजार तोच राहील.

म्हणून भांडण तिजोरीचंच आहे, आणि इथे दोन्ही बाजूंनी सोयीचे आकडे फेकले जातात. ब्रिटनमध्ये बसवर 'आठवड्याला ३५ कोटी पौंड' लिहून फिरवलं होतं, जे पुढे टिकलं नाही. आपल्याकडे 'आमचा कोळसा, आमची वीज, पैसा मुंबईला' हे तसंच सोपं वाक्य आहे. चंद्रपूरची औष्णिक वीज राज्यभर जाते हे खरं. पण जीएसटी माल जिथे खपतो त्या राज्याला मिळतो. वाडीच्या गोदामातून रायपूरला गेलेल्या मालाचा राज्याचा वाटा छत्तीसगडला जातो. गोदामं भरलेली असली म्हणून तिजोरी भरत नाही. १९५५ चा आयोग विदर्भ आर्थिकदृष्ट्या तगेल म्हणाला होता, पण तो हिशेब त्या काळच्या करांवर होता.

उलट 'चार मुख्यमंत्री दिले, आता रडता कशाला' हे म्हणणंही तितकंच उथळ. कन्नमवार, वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक आणि देवेंद्र फडणवीस, सगळे विदर्भाचे, हे खरं. वसंतराव तर ११ वर्षांहून जास्त काळ होते. पण त्यानंतर वि. म. दांडेकर समितीनं १९८४ मध्ये राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला, त्यातला सुमारे ३९ टक्के एकट्या विदर्भाचा होता. मुख्यमंत्री आपला असला म्हणून पाट आपल्या शेतात येतो असं नाही.

१९९४ मध्ये घटनेच्या कलम ३७१(२) नुसार वैधानिक विकास मंडळं आली. अनुशेष मोजायचा आणि राज्यपालांनी निधीवाटपावर लक्ष ठेवायचं. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ती पुन्हा स्थापण्याचा निर्णय घेतला.

माझं मत विचाराल तर मी अजून कुठल्याच बाजूनं बटण दाबलेलं नाही. घटनेच्या कलम ३ प्रमाणे नवं राज्य संसद करते, साध्या बहुमतानं. विधानसभेचं मत फक्त मागवलं जातं, लोकांचं तेवढंही नाही. त्यामुळे उद्या एखाद्या दिल्लीच्या सकाळी विदर्भ वेगळा होऊ शकतो, किंवा कधीच होणार नाही, आणि दोन्ही वेळा आपण फक्त नोटिफिकेशन वाचू. मला त्याआधी हिशेब हवा आहे. जिल्हावार, साध्या मराठीत. कोणत्या जिल्ह्यातून किती गोळा होतं, किती परत येतं, किती पदं रिकामी आहेत, किती हेक्टरला पाणी पोचलं.

नागपूर कराराला २८ सप्टेंबर २०२८ ला ७५ वर्षं होतील. अकरा कलमांपैकी किती पाळली गेली याचा ताळेबंद तोवर विधिमंडळात मांडता येईल, आणि तोही नागपूरच्याच अधिवेशनात. पुढच्या १ मे ला ग्रुपवर काळा चौकोन टाकणाऱ्यानं आणि शुभेच्छा पाठवणाऱ्यानं मिळून आपल्या आमदाराकडे एवढी एक मागणी करायला हरकत नाही. त्यासाठी कोणालाच आपली बाजू सोडावी लागत नाही.