कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा घरात होणाऱ्या हिंसाचारापासून स्त्रियांना तातडीने संरक्षण व आधार मिळावा यासाठी भारतीय संसदेने संमत केलेला कायदा आहे. १३ सप्टेंबर २००५ रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली व २६ ऑक्टोबर २००६ पासून तो अमलात आला. प्रकरण फौजदारी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालत असले, तरी या कायद्याचे स्वरूप मुख्यतः दिवाणी आहे. हिंसा करणाऱ्यास शिक्षा देण्यापेक्षा हिंसा थांबवणे आणि स्त्रीचे घर, मुले व उदरनिर्वाह सुरक्षित ठेवणे हा त्याचा उद्देश होय.

पार्श्वभूमी

१९८३ साली भारतीय दंड संहितेत कलम ४९८ अ समाविष्ट झाले व पती किंवा त्याच्या नातेवाइकांकडून होणारी क्रूरता हा गुन्हा ठरला. १९८६ साली हुंडाबळीसंबंधीचे कलम ३०४ ब आले. या बदलांमागे देशभरातील स्त्री-चळवळीचा रेटा होता. महाराष्ट्रात १९८२ साली पुण्यात झालेल्या विवाहित तरुणींच्या मृत्यूंनंतर विद्या बाळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंचाद्वारे हा प्रश्न सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांपर्यंत नेला. तोवर असा छळ हा ‘घरातला मामला’ समजण्याकडेच सार्वत्रिक कल होता.

फौजदारी कलमांची मर्यादा मात्र लवकरच दिसून आली. तक्रार नोंदवली की पतीला अटक होण्याची शक्यता असे. पण त्याच रात्री स्त्रीने कोठे राहावे, मुलांचे काय करावे, खर्च कशाने भागवावा यांचे उत्तर त्या कलमांत नव्हते. अविवाहित मुलगी, बहीण किंवा वृद्ध आई यांना तर ४९८ अ चा उपयोगच नव्हता. इंदिरा जयसिंग यांच्या नेतृत्वाखालील लॉयर्स कलेक्टिव्ह या संस्थेने दिवाणी उपायांवर आधारलेला पर्यायी मसुदा तयार केला. केंद्र सरकारने २००२ मध्ये मांडलेल्या विधेयकात ‘वारंवार’ केलेल्या मारहाणीलाच हिंसाचार मानले होते, तसेच स्वसंरक्षणार्थ केलेल्या कृतीची पळवाट ठेवली होती. स्त्री-संघटनांनी त्यास तीव्र विरोध केला. २००४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्याने ते विधेयक रद्दबातल झाले आणि पुढील वर्षी नव्या स्वरूपात कायदा आला.

व्याख्या

कलम ३ नुसार शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, तसेच आर्थिक छळ हे सर्व कौटुंबिक हिंसाचारात मोडतात. यांपैकी आर्थिक छळाचा समावेश विशेष महत्त्वाचा आहे. घरखर्चास पैसे न देणे, स्त्रीधन परस्पर विकणे, घरातील वस्तू वा जागा वापरण्यास मनाई करणे यांना त्यामुळे कायद्याने नाव मिळाले. लैंगिक छळाच्या व्याख्येतून वैवाहिक संबंध वगळलेले नाहीत; बलात्काराच्या फौजदारी व्याख्येतील पतीविषयक अपवाद कायम असताना ही बाब लक्षणीय ठरते.

संरक्षण केवळ पत्नीपुरते नाही. रक्तसंबंध, विवाह, विवाहसदृश संबंध, दत्तकविधान किंवा एकत्र कुटुंब यांपैकी कोणत्याही नात्याने प्रतिवादीसह एका घरात राहणारी वा पूर्वी राहिलेली स्त्री अर्ज करू शकते.

घरात राहण्याचा हक्क

कलम १७ हा या कायद्याचा गाभा मानला जातो. घर कोणाच्याही नावावर असले, तरी स्त्रीला ‘सामायिक घरा’त राहण्याचा हक्क असून कायदेशीर प्रक्रियेशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. हा हक्क मालकीचा नसून निवासाचा आहे. दोहोंची गल्लत नेहमी केली जाते. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सासूच्या मालकीचे घर सामायिक घर ठरत नाही असा निर्णय दिल्याने कलमाची धार बोथट झाली. सासू-सासऱ्यांच्या नावावरील घरात नांदणाऱ्या असंख्य सुनांना त्याचा फटका बसला. ऑक्टोबर २०२० मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने ते मत चुकीचे ठरवले. तथापि, निवासाचा हक्क अबाधित वा कायमस्वरूपी नसून वृद्ध सासू-सासऱ्यांच्या हिताशी त्याचा मेळ घालावा लागेल, हेही त्याच निकालात नमूद आहे.

मूळ कायद्यात प्रतिवादी ‘प्रौढ पुरुष’च असू शकत होता. मुंबईतील एका प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे शब्द घटनाबाह्य ठरवून वगळले. घरातून बाहेर जाण्याचा आदेश मात्र आजही स्त्रीविरुद्ध देता येत नाही.

अर्ज व आदेश

पीडित स्त्री स्वतः, संरक्षण अधिकारी किंवा तिच्या वतीने अन्य व्यक्ती कलम १२ खाली अर्ज करू शकते. ती तात्पुरती जेथे आश्रयास असेल, तेथील न्यायालयातही अर्ज चालतो; माहेरी परतलेल्या स्त्रीच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची आहे. संरक्षण अधिकारी ‘कौटुंबिक घटना अहवाल’ (व्यवहारात ‘डीआयआर’) भरतो. पहिली सुनावणी साधारणतः तीन दिवसांत व निकाल त्यापुढील ६० दिवसांत अपेक्षित असला, तरी प्रत्यक्षात ही मुदत क्वचितच पाळली जाते. न्यायालय संरक्षण, निवास, आर्थिक साहाय्य, मुलांचा तात्पुरता ताबा व नुकसानभरपाई यांविषयी आदेश देऊ शकते. निकड असल्यास एकतर्फी अंतरिम आदेशही देता येतो. संरक्षण आदेशाचा भंग हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा असून त्यास एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते.

अंमलबजावणी

संरक्षण अधिकारी हा स्त्री व न्यायालय यांच्यातील दुवा होय. मात्र अनेक राज्यांनी हे काम आधीच कामाने वाकलेल्या अधिकाऱ्यांकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून सोपवले, आणि कायद्याची सर्वांत मोठी कमजोरी तेथेच राहिली.

महाराष्ट्रात कायद्यापूर्वीच आधारव्यवस्थेची पायाभरणी झाली होती. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात ‘महिला व मुलांसाठी विशेष कक्ष’ सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या पोलीस यंत्रणेच्या आतच बसून स्त्रियांना साहाय्य करतात, हे त्याचे वेगळेपण. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातील ‘दिलासा’ केंद्र हे मुंबई महानगरपालिका व सेहत संस्था यांचा संयुक्त उपक्रम आहे. ‘पडले’, ‘भाजले’ असे सांगून उपचार घेणाऱ्या स्त्रीच्या जखमेमागील कारण रुग्णालयातच ओळखता यावे, हा त्यामागील विचार. २०१५ पासून केंद्र सरकारच्या योजनेतून ‘सखी’ वन स्टॉप केंद्रे उघडण्यात आली. १८१ ही महिला मदतवाहिनी आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार १८ ते ४९ वयोगटातील २९.३ टक्के विवाहित किंवा पूर्वी विवाहित स्त्रियांनी पतीकडून हिंसा अनुभवली होती. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाची मदत मागितली. ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागितली नाही आणि कोणाजवळ त्याची वाच्यताही केली नाही. मदत मागणाऱ्यांपैकी बहुतेकींनी प्रथम माहेरची वाट धरली होती; पोलीस, वकील किंवा डॉक्टर यांच्यापर्यंत पोहोचणाऱ्या फारच थोड्या होत्या.