दुखणं आमचं, कागद कुणाचा?

१९८८ साली मी एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये कारकून म्हणून लागलो. तळघरात लोखंडी रॅक होते आणि त्यांवर लाल फडक्यात बांधलेले वर्षवार गठ्ठे. पावसाळ्यात भिंतींना ओल यायची. गाठ सोडली की कसरीने खाल्लेल्या कडांचा भुगा हाताला लागायचा. पोलीस केसचे कागद वेगळ्या कपाटात, कुलपात असत.

घरी जाताना रुग्णाला डिस्चार्ज कार्ड मिळायचं. त्यावर निदान एका ओळीत, तेही इंग्रजीत. ऑपरेशनची टिपणं, भुलीची नोंद, सिस्टरांनी भरलेला तापाचा तक्ता हे सगळं आमच्या तळघरात राहायचं.

१९९४ साली एक बाई आल्या. नवऱ्याला पुढच्या उपचारांसाठी मुंबईला न्यायचं होतं आणि आधीच्या ऑपरेशनमध्ये नेमकं काय काढलं, ते तिथले डॉक्टर विचारत होते. बाई तीन दिवस बाकावर बसून होत्या. ‘साहेबांच्या सहीशिवाय देता येत नाही,’ मी सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘दादा, दुखणं आमचं, मग कागद तुमचा कसा?’ फाईल माझ्यापासून दोन हातांवर होती. बाई तशाच गेल्या. तो प्रश्न मला आजही सलतो.

त्याचं उत्तर दोन वर्षांनी मिळालं. १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की गोपनीयतेचं कारण सांगून खुद्द रुग्णाला त्याचे कागद नाकारता येणार नाहीत. फार तर झेरॉक्सचा खर्च घ्यावा. पुढे २००२ साली भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमावलीने मुदतही घातली: दाखल रुग्णांची कागदपत्रं तीन वर्षं जपायची आणि मागणी झाली की तिची पोच देऊन ७२ तासांत द्यायची. तरी ‘साहेबांची सही आणा’ हे वाक्य आमच्या खिडकीवर पुढेही कितीतरी वर्षं ऐकू येत राहिलं.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. मीही त्यातला १४ आकडी आभा क्रमांक, म्हणजे आपल्या आरोग्य नोंदी जोडणारा ओळख क्रमांक, काढला. या व्यवस्थेत कागद त्या त्या रुग्णालयाकडेच राहतात आणि आपण संमती दिली की दुसऱ्या डॉक्टरांना दिसतात. बाकावरच्या त्या बाईंना हेच तर हवं होतं.

मोबाईलवरच्या आभा ॲपमध्ये माझे दोन रिपोर्ट आले. एकात क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते सांगणारा, आकडा लाल दिसला. रात्रीचे अकरा वाजलेले, विचारणार कुणाला? डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी डॉक्टरांनी जुना रिपोर्ट शेजारी ठेवून समजावलं की तीन वर्षांत तो आकडा हललेला नाही. तेव्हा मन ठिकाणावर आलं. गेल्या वर्षी मी जिथे दाखल होतो, तिथली एकही नोंद मात्र ॲपमध्ये नाही, कारण ते रुग्णालय अजून जोडलेलंच नाही. म्हणजे जे वर चढवलं, तेवढंच दिसणार.

तळघराचं दार उघडलं आहे, पण अर्धंच. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: आभा जरूर काढा, पण डिस्चार्ज कार्डावर थांबू नका. पूर्ण फाईलची प्रत लेखी अर्जाने मागा आणि अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. ७२ तास मोजायचे, तर तोच कागद कामी येतो.